दार कुणी उघडायचं?

आज आम्ही चौघीजणी तुमच्याशी बोलणार आहोत, पण माईक एकच असल्याने आवाज एकीचाच ऐकू येईल. बोलणं मात्र चौघींचं आहे, आणि त्यामागचं भांडणही चौघींचंच आहे.

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर, रसवंतीच्या बंद टपरीमागे एक माणूस झोपायचा. त्याला आपण इथे नुसतं दादा म्हणू. दादा गवंडी. हाताला चांगलं कसब. आमच्यातल्या दोघींच्या घराच्या भिंती त्यानेच उभ्या केलेल्या. मग दारू वाढत गेली. आधी बायकोच्या गळ्यातलं गेलं, मग गॅसची टाकी गेली, मग मुलीची शाळेला जायची सायकल गेली. एका रात्री वहिनींनी आतून कडी लावली ती लावलीच.

दादा एकदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. परतला तेव्हा डोळे स्वच्छ होते, चेहऱ्यावर तजेला होता. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहिला. कुणी कामाला नेलं नाही. संध्याकाळी घरी गेला. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "आता नाही." रात्री पुन्हा स्टँड. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा प्यायला.

त्यावरून आमचं जुंपलं. एक म्हणाली, वहिनींनी दार उघडायला हवं होतं, माणूस सुधारून आला होता. दुसरी उसळली, तुझ्या पाठीवर वळ उठले असते तर असं बोलली असतीस का? दोघींचंही खरं वाटत होतं. म्हणून ठरवलं, भांडण्यापेक्षा शोधू या. दारूपायी, दुष्काळापायी, बदनामीपायी, आजारापायी घराबाहेर पडलेली माणसं आपल्याकडे पूर्वीही होतीच की. त्यांच्यासाठी कुणी काय केलं? त्यातलं काय टिकलं? जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात पुण्यापासून. साल १८६३. त्या काळी लहान वयात विधवा झालेल्या बाईवर कुणी जबरदस्ती केली आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा असत. एक तर जीव द्यायचा, नाहीतर जन्मलेलं बाळ मारायचं. करणारा मोकळा आणि ती मात्र घराबाहेर. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिच्यासाठी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. इथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल ठेवून जा किंवा घेऊन जा, असा त्यांचा निरोप होता. सावित्रीबाई त्या बायकांची देखभाल करत. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी एक मुलगा जन्मला. १८७४ साली फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये माय-लेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. जे मूल कुणालाच नको होतं, ते पुढे पुण्याच्या रोग्यांना औषध देत होतं.

याच जोतिरावांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. एका हाताने गुत्त्याला विरोध आणि दुसऱ्या हाताने निराधार बाईला आसरा. ही दोन कामं एकाच घरातून चालली, हे आम्हाला फार मोलाचं वाटलं. आपण मात्र पुढे त्यांची ताटातूट केली. कशी, ते पुढे येईलच.

आता केडगावला जाऊ. पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेतून हे गाव लागतं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मग ते पुण्यात आणलं. त्यानंतर १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, रस्त्यावर आलेल्या, दलालांच्या तावडीत सापडण्याच्या बेतात असलेल्या मुलीबायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी मोठं वादळ उठलं होतं. तो विषय वेगळा आहे. आपण आज बघायचं ते एवढंच, की त्या बायकांना रमाबाईंनी नुसतं जेवू घालून बसवून ठेवलं नाही. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. कालपर्यंत भीक मागणारी बाई खिळे जुळवून पुस्तक छापायला शिकली. छप्पर मिळालं आणि त्याच्या पाठोपाठ हाताला काम मिळालं. तिथून बाहेर पडताना ती कुणाची आश्रित राहत नसे.

तिसरी गोष्ट वऱ्हाडातली. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. तिथल्या परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी जन्मला. वडील झिंगराजी. त्यांना दारूचं व्यसन लागलं, त्यात घर गेलं आणि तेही गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आली. मैत्रिणींनो, आपण गाडगेबाबांचं नाव घेतो तेव्हा खराटा आठवतो, कीर्तन आठवतं. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात दारूने मोडलेल्या घरापासून झाली, हे आपण विसरतो. परक्याच्या दारात राहणं म्हणजे काय, ते त्या पोराने लहान वयात पाहिलं होतं.

मोठेपणी पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, ही तेव्हाची रीत. डेबूजींनी गोडाधोडाचं जेवण घातलं. लोक रुसले असतील, कुजबुजलेही असतील, पण पठ्ठ्या मागे हटला नाही. आपल्या बापाला ज्याने खाल्लं, ते लेकीच्या बारशाला ताटाशेजारी येऊ द्यायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं असणार. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं आणि मग गावोगाव झाडू मारत, कीर्तन करत हिंडले.

कीर्तनातून जमलेल्या पैशातून बाबांनी काय केलं? धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. पंढरपूरला त्यांनी उभारलेल्या एका धर्मशाळेला चोखामेळ्याचं नाव होतं, कारण दलित वारकऱ्यांना गावात कुणी ओसरीही देत नसे. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. मुंबईत दादरच्या धर्मशाळेत आजही दूरदूरच्या गावांतून आलेले कॅन्सरचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. बाबा स्वतः मात्र त्यातल्या एकाही इमारतीत मालक म्हणून राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेही प्रवासातच.

त्यांचा दहा कलमी संदेश तुम्ही कुठे ना कुठे भिंतीवर वाचला असेल. त्यात बेघराला आसरा द्या असं आहे, बेकाराला काम द्या असं आहे आणि खचलेल्याला धीर द्या असंही आहे. आम्ही चौघींनी ही तीन कलमं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि दादाची आठवण झाली. केंद्रातून परतलेल्या दादाला आसरा नव्हता, काम नव्हतं, धीर देणारं कुणी नव्हतं. दारू सुटून तो आला होता, पण या तीन गोष्टींतली एकही गावाने त्याला दिली नव्हती.

आता ताटातुटीची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर सरकारने या प्रश्नात हात घातला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. १९५९ साली भीक मागण्याला बंदी करणारा कायदा आला. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पण या दुसऱ्या कायद्यात काय होतं ते ऐका. रस्त्यावर भीक मागताना सापडलेल्या माणसाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवायचं. पुन्हापुन्हा सापडला तर हा काळ दहा वर्षांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे दारू पिणारा गुन्हेगार आणि बेघरही गुन्हेगार. फुल्यांनी दार उघडलं होतं, कायद्याने बाहेरून कडी घातली. हाच मुंबईचा कायदा दिल्लीतही लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. माणूस भीक मागतो कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं, तो काही हौसेने मागत नाही, असा त्या निकालाचा भावार्थ होता. पण तो निकाल दिल्लीपुरता.

इथे थोडं समुद्रापलीकडे जायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचं बी तिकडून आलं. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामासाठी आला होता. नाव बिल विल्सन. दारू सोडून काही महिनेच झाले होते. धंद्यात अपयश आलं, हॉटेलात एकटा होता, आणि बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याला वाटलं, आता आपलं खरं नाही. मग त्याने फोन लावायला सुरुवात केली. कशासाठी? तर आपल्यासारखाच दुसरा एखादा दारुडा गावात आहे का, त्याच्याशी बोलायचंय म्हणून. त्याची गाठ बॉब स्मिथ नावाच्या शल्यविशारदाशी पडली. दोघे तासन्‌तास बोलले. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि हाच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा जन्मदिवस मानतात. फी नाही, आडनाव सांगायचं नाही, एकाने दुसऱ्याला सांभाळायचं आणि फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, इतकी साधी रीत. १९५७ पासून ती भारतात रुजली. आज महाराष्ट्रात कितीतरी गावांत शाळेच्या नाहीतर चर्चच्या खोलीत एएची बैठक भरते.

पण आम्हाला जास्त आवडली ती बिलच्या बायकोची, लोईसची गोष्ट. तिने वर्षानुवर्षं नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याला सांभाळलं. तो सुधारला आणि रोज बैठकांना जाऊ लागला. एकदा चल म्हणाला, तेव्हा तिने चिडून बूट भिरकावला. मग तिचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्याने दारू सोडली, हेच तर हवं होतं, मग राग कशाचा? तिच्या ध्यानात आलं की दारू तो प्यायचा, पण तिचंही सगळं जगणं त्या बाटलीभोवतीच फिरत होतं. बायकांनाही आपलं मन मोकळं करायला जागा हवी. त्यातून १९५१ साली घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन हा गट उभा राहिला. मैत्रिणींनो, दारुड्याच्या बायकोलाही आजारपण येतं आणि तिलाही बरं व्हायचं असतं, हे कुणीतरी तेव्हा उघडपणे म्हटलं.

आता १९८० चं दशक आणि आपली मुंबई. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. कोकणातली, घाटावरची किती घरं त्यात बसली ते आपल्या आईबापांना विचारा. त्याच सुमारास फुटपाथवर राहणाऱ्यांना हुसकावण्यावरून खटला चालू होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मात्र नोटीस देऊन झोपड्या हलवायची मुभाही दिली. आणि याच वर्षांत शहरात गर्द आलं. हेरॉइनची ही हलकी, भुकटीसारखी जात. पुडी स्वस्त, सवय झटपट. दारूने माणूस वर्षांत ढासळतो, गर्दने महिन्यांत रस्त्यावर यायचा. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. त्यात जबर शिक्षा होत्या, पण सरकारला उपचार केंद्रं काढता येतील अशीही तरतूद होती.

तोवर काही माणसं स्वतःहून कामाला लागली होती. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. स्वतः अय्यंगार गुरुजींचे शिष्य असल्याने त्यांनी एएच्या रीतीला योगासनांची जोड दिली.

पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. पैसे आले, पण काम करणार कोण? ते अंगावर घेतलं अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. लेख नवऱ्याच्या नावावर, देणगी पुलंच्या नावावर. पण रोज सकाळी उठून थरथरत्या, शिव्या देणाऱ्या, पळून जाणाऱ्या पोरांच्या समोर उभी राहिली ती एक बाई. कॅन्सर असतानाही त्या हे काम करत राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. आता त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळते.

मुक्तांगणची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथे येणाऱ्याला रोगी न म्हणता रुग्णमित्र म्हणतात. मुक्काम पाच आठवड्यांचा. पहिले काही दिवस औषधं, शरीर सावरेपर्यंत. मग सकाळचा व्यायाम, स्वतःची खोली स्वतः झाडणं, गटात बसून बोलणं. तिथे काम करणाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसनात बुडालेले कितीतरी जण आहेत. समोरचा थापा मारायला लागला की ते नुसते हसतात, कारण त्या सगळ्या थापा त्यांनी स्वतः मारलेल्या असतात. आणि मुक्काम संपला म्हणजे उपचार संपला असं नसतं. ठिकठिकाणी पाठपुराव्याच्या बैठका होतात. बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, तिथे त्या एकमेकींशी बोलतात. पुढे व्यसनात अडकलेल्या बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभागही निघाला. हो, बायकाही अडकतात. फक्त त्यांना आणायला कुणी येत नाही आणि त्यांच्यासाठी घराचं दार तर फारच लवकर बंद होतं.

याच काळात तिकडे गडचिरोलीत वेगळी लढाई चालू होती. डॉ. राणी आणि अभय बंग, आदिवासी गावं, बायकांचे गट या सगळ्यांच्या रेट्यातून १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. मग राज्यभर बायकांनी आडवी बाटली उभी केली, म्हणजे खरं तर उभी बाटली आडवी केली. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, मग मतदान, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्या शेजारच्या गावात असं मतदान झालं तेव्हा आम्हीही रांगेत होतो. ऐंशी वर्षांच्या आजीला खुर्चीवर बसवून आणलं होतं. दुकान बंद झालं. गुलाल उधळला.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं, तेही सांगायला हवं. ज्यांना रोज लागायची, त्यांतले काही शेजारच्या गावाला जाऊ लागले. एकाला हातपाय थरथरून झटका आला. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. अशा माणसाला डॉक्टरकडेच न्यायचं असतं. हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. गुत्ता बंद करणं हे निम्मं काम. पिणाऱ्याला उभं करणं हे उरलेलं निम्मं, आणि त्याचा गुलाल कुणी उधळत नाही.

बेघरांच्या बाजूनेही काही दारं उघडत होती. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला मुंबईत एक तरुण दिसला. नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पीत होता. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर कळलं की तो चांगला शिकलेला, आंध्रातल्या खात्यापित्या घरातला. त्यातून १९८८ साली श्रद्धा ही संस्था उभी राहिली. २००६ पासून तिचं काम कर्जतला चालतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करायचे आणि पत्ता शोधून घरी पोचवायचं. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगर जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी माउली नावाचं घर उभारलं, ते रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण बायकांसाठी. ज्यांना घरच्यांनी परत नेलं नाही, त्यांचं तेच माहेर झालं.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक. २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने शहरांना निवारे उभारायला सांगितलं आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याची योजना आली. शहरातल्या दर एक लाख लोकांमागे एक कायमचा निवारा, निदान पन्नास माणसांचा, दिवसरात्र उघडा. कागदावर चांगली होती. तुमच्या शहरात असा निवारा आहे का, बायकांसाठी वेगळी सोय आहे का, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींनो, एवढं सगळं वाचल्यावर आम्ही पुन्हा आमच्या भांडणाकडे आलो. वहिनींनी दार उघडायला हवं होतं का? आणि आमच्या लक्षात आलं की आमचा प्रश्नच चुकला होता. फुल्यांचं घर, केडगावचं सदन, गाडगेबाबांची धर्मशाळा, मुक्तांगण, माउली, ही सगळी दारं निघाली कशासाठी? घरातल्या एका बाईने एकटीने दार उघडायचं की नाही, या पेचात सगळा भार तिच्यावर पडू नये म्हणून. तिला कडी लावायचा पूर्ण हक्क आहे. पण तिने कडी लावली म्हणून माणूस टपरीमागे मरता कामा नये. त्या दोन्हींच्या मधे एक दार हवं, आणि ते गावाचं असायला हवं.

म्हणून आम्ही काय केलं, ते सांगतो. फार मोठं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आठवड्यातून एक संध्याकाळ एक वर्ग मागून घेतला. शेजारच्या शहरातले एएचे दोन सभासद एसटीने येतात आणि बैठक घेतात. चहा आमच्याकडे. दुसऱ्या वर्गात बायका बसतात. एका ओळखीच्या ठेकेदाराला आम्ही तिघींनी जाऊन गळ घातली. तो म्हणाला, आठ दिवस बघतो. दादा स्वतःच म्हणाला की मजुरी माझ्या हातात देऊ नका, पोस्टात भरा. झोपायला वखारीतली एक खोली मिळाली. या सहा महिन्यांत दादा एकदा घसरला. पूर्वी आम्ही म्हटलं असतं, बघा, कुत्र्याचं शेपूट. या वेळी एएवाले काका म्हणाले, पडला तर उठवायचा, मोजत बसायचं नाही. तो पुढच्या बैठकीला आला.

वहिनींनी दार उघडलेलं नाही. आम्ही विचारतही नाही. त्या दुसऱ्या वर्गात येऊन बसतात. पहिले तीन आठवडे एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की कुणीतरी दिलेली दारू सुटायची पावडर त्या दादाच्या भाजीत गुपचूप घालत होत्या. आम्ही हादरलो. तुम्हीही नीट ऐका. अशी औषधं माणसाला न सांगता देऊ नका. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, श्वास कोंडू शकतो, जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांनी द्यायचं आणि घेणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकट फोन आहे. घरात मारहाण होत असेल तर १८१ लावा.

गेल्या आठवड्यात शाळेच्या कुंपणाची पडलेली भिंत दादाने बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. त्याची लेक त्याच शाळेत आहे. मधल्या सुट्टीत ती बराच वेळ लांबून बघत उभी होती. मग पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून वर्गात पळून गेली.

तुमच्या गावात असा कुणी टपरीमागे झोपत असेल, किंवा अशी कुणी आत कडी लावून बसली असेल, तर आम्हाला पत्र लिहा. नाव लिहिलं नाही तरी चालेल. पुढच्या गुरुवारी पुन्हा भेटू. नमस्कार.